निस्तार पत्रकात नसलेले गायरान

भिलाईच्या दक्षिणेला उतई नावाचे गाव आहे. आता तेथे नगर पंचायत आहे, तरी पोलाद कारखान्याच्या वसाहती मागे पडल्या की धानाच्या बांध्याच सुरू होतात. या भागातील गावांच्या महसुली दप्तरात ‘निस्तार पत्रक’ नावाचा एक कागद असतो. नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे आलेल्या वाचकांना तो परका वाटणार नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे एकाच प्रांताचे जिल्हे होते आणि दोन्हीकडील जमाबंदीची घडण एकच होती. गावातील पडीक जमिनीवर कोणी गुरे चारावीत, जळण कोठून आणावे, खळे कोठे घालावे, हे त्या पत्रकात नोंदलेले असते. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३४ ने त्यास कायद्याचा आधार दिला आणि २००० साली छत्तीसगड वेगळे झाल्यावर ती संहिता येथेही चालू राहिली. पत्रकामुळे अतिक्रमणे थांबली असे मी म्हणणार नाही. परंतु गायरान कोणाचे, हा प्रश्न निदान विचारता येतो, आणि विचारल्यावर तलाठ्याला (येथे त्याला पटवारी म्हणतात) दप्तर उघडावे लागते.

या लेखाचा विषय अशाच एका सामाईक मालमत्तेचा आहे. फरक इतकाच की, तिची नोंद कोणत्याही पत्रकात नाही. पिकावरील बुरशी औषधाला बळी पडते, हा तिचा गुण म्हणजे ती मालमत्ता. प्रत्येक फवारणीबरोबर तो गुण थोडा थोडा खर्च होतो. तो एका शेतकऱ्याचा नसतो, कारण बीजाणूंना बांध ठाऊक नसतात. तो औषध कंपनीचाही नसतो. तिचे स्वामित्व रेणूवर असते, बुरशीवर नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मांडणी नवी नाही. १९७४ मध्ये ह्यूथ आणि रेगेव्ह या दोन अर्थशास्त्रज्ञांनी किडींची औषधाला बळी पडण्याची क्षमता ही खाणीतील खनिजाप्रमाणे संपत जाणारी संपत्ती आहे, असे गृहीत धरून तिच्या वापराचे गणित मांडले होते. खनिजाला रॉयल्टी असते, खाणपट्टा असतो, निरीक्षक असतो. येथे यातील काहीच नाही.

झीज कशी होते ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, बागेत एक कोटी बीजाणूंमागे एकच असा आहे की ज्याच्यावर औषध चालत नाही, आणि प्रत्येक फवारणीत बाकीच्यांपैकी नव्वद टक्के मरतात. मग प्रत्येक फवारणीनंतर त्या एकाचे प्रमाण दसपट वाढते. सात फवारण्यांनंतर दोन्हींची संख्या सारखी होते. पाच फवारण्यांपर्यंत शंभरात एकच बीजाणू औषधाला दाद देत नसतो, म्हणून शेतकऱ्याला काहीच जाणवत नाही. औषध उत्तम चालते असेच तो शेजाऱ्याला सांगतो. सातव्याला निम्मी बाग हातची जाते. प्रत्यक्षात गणित इतके सरळ नसते, हवा, पाऊस आणि बुरशीचे पुनरुत्पादन त्यात ढवळाढवळ करतात. पण विनाशाची चाहूल शेवटच्या टप्प्यापर्यंत लागत नाही, हे त्याचे लक्षण खरे आहे. प्रशासनाला सर्वांत अवघड जातात ती अशीच संकटे.

जुन्या औषधांबाबत हा प्रश्न फारसा नव्हता. १८८० च्या दशकात बोर्डो विद्यापीठातील मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण सुचविले. रस्त्यालगतच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मेदोकचे बागाईतदार असले काही फासत असत आणि त्या वेली रोगातून वाचलेल्या त्यांना दिसल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. तांबे बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. एवढ्या सगळ्या वाटा एकदम बंद करणे बुरशीला जमत नाही. म्हणूनच सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली तरी बोर्डो मिश्रण निरुपयोगी ठरलेले नाही. मँकोझेब याच जातीचे. अशी औषधे पानाच्या पृष्ठभागावरच राहतात, पावसाने धुऊन जातात, पुन्हा फवारावी लागतात. शेतकऱ्याला ती कटकटीची वाटली तर नवल नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आंतरप्रवाही औषधे आली आणि चित्र पालटले. ती पानात शिरत, आतून रोग मारीत आणि कमी मात्रेत काम करीत. परंतु त्यांचा घाव एकाच जागी बसे. बेनोमिल बाजारात आल्यावर चार-पाच वर्षांतच ग्रीसमधील साखरबीटावरील ठिपक्यांच्या रोगाने त्याला जुमानणे सोडले. जपानमध्ये धानाच्या करप्यासाठी १९६५ पासून वापरात असलेल्या कासुगामायसिनची तीच गत १९७० च्या दशकाच्या आरंभी यामागाता प्रांतात झाली. १९७७ मध्ये आलेले मेटॅलॅक्सिल तर केवडा आणि बटाट्याचा करपा यांवर रामबाण मानले गेले. १९८० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ते बटाट्यावर एकटेच फवारले जात होते. त्याच हंगामात तेथे ते निकामी झाले. ब्रिटनमध्ये मात्र ते सुरुवातीपासून मँकोझेबमध्ये मिसळूनच विकले जात होते आणि तेथे तसा एकाएकी बोजवारा उडाला नाही. शेजारशेजारचे देश, एकच रोग, एकच रेणू. फरक फक्त विक्रीच्या अटीचा. प्रशासकीय निर्णयाचा परिणाम इतका स्वच्छ दिसण्याचे प्रसंग इतिहासात थोडे.

त्या धक्क्यातून १९८१ मध्ये ‘फंगिसाइड रेझिस्टन्स अॅक्शन कमिटी’, म्हणजे ‘फ्रॅक’, स्थापन झाली. ती सरकारी नाही. औषध उत्पादकांनीच ती उभारली. कोणते औषध कोणत्या जागी घाव घालते, यानुसार तिने औषधांना गट-क्रमांक दिले. एकाच गटाची औषधे पाठोपाठ वापरू नयेत, जोखमीच्या गटाची हंगामातील संख्या मर्यादित ठेवावी, अनेक जागी घाव घालणारा जोडीदार बरोबर द्यावा, हा तिच्या सल्ल्याचा सारांश. विक्रेत्यांनी स्वतःच्या मालाचा खप आवरता घेण्याचा सल्ला द्यावा, याचे कोणाला आश्चर्य वाटेल. मला वाटत नाही. एका रेणूच्या संशोधनावर प्रचंड खर्च केलेल्या कंपनीला तो पाच वर्षांत मरू देणे परवडत नाही. पण हा स्वार्थ स्वामित्वहक्काची मुदत असेपर्यंतच टिकतो. ती संपली की तोच रेणू अनेकजण विकू लागतात आणि राखणदार कोणीच उरत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण या प्रश्नाचे मराठी रूप पाहायचे तर ते नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षबागांतच पाहावे लागते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी. फळ छाटणीनंतर कोवळी फूट आणि घड बाहेर पडतात तेव्हा परतीचा पाऊस गेलेला असेलच असे नाही. पाने ओली राहिली की केवडा पसरतो. अनुकूल हवेत आठवड्याच्या आत त्याची नवी पिढी तयार होते. (शास्त्रज्ञ केवड्याला खरी बुरशी मानत नाहीत, त्याचे नाते पाण्यातील शेवाळांशी अधिक जवळचे, बागाईतदाराला या भेदाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.) २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस लांबला तेव्हा नाशिक जिल्ह्यात हेच झाले. वर्षाची सगळी गुंतवणूक त्या काही आठवड्यांवर टांगलेली असते. अशा वेळी ‘हा गट या हंगामात दोनदा झाला, आता तिसऱ्यांदा नको’ असे सांगणे म्हणजे आग लागली असता पाणी जपून वापरा म्हणण्यासारखे आहे. बागाईतदार अडाणी असतो म्हणून जास्त फवारतो, हे कार्यालयातील आवडते स्पष्टीकरण मला कधीच पटलेले नाही. त्याच्या जागी बसून हिशेब केला तर आजची फवारणी त्याच्या फायद्याची असते. तोटा उद्याचा असतो आणि तो साऱ्या शिवारात वाटला जातो.

परिणाम व्हायचा तो झाला. द्राक्षावरील केवडा मेटॅलॅक्सिलला दाद देत नसल्याचे भारतीय संशोधकांनी १९८८ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे १९९६ मध्ये जगाच्या बाजारात आलेल्या स्ट्रोबिल्युरिन गटाचीही तीच वाट होती. या गटाविरुद्ध बुरशीला फार काही करावे लागत नाही. एका प्रथिनातील १४३ व्या स्थानावर ग्लायसिनऐवजी अॅलनिन आले की पुरे. जर्मनीत गव्हाच्या भुरीने हे १९९८ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, करून दाखविले. महाराष्ट्रातील केवड्यातही या गटाची मात्रा चालेनाशी झाल्याचे पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नंतर नोंदविले. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने ट्रायकोडर्मासारख्या मित्रबुरशींवर आणि फॉस्फरस आम्लाच्या क्षारांवर जे काम केले, त्यामागे ही झीज आहे.

मग कायदा काय करीत होता? त्यासाठी त्याच्या जन्मकथेकडे जावे लागेल. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यासोबत वाहून नेताना त्यात मिसळले आणि शंभरावर माणसे दगावली. चौकशी झाली, समिती नेमली गेली आणि दहा वर्षांनी कीटकनाशक अधिनियम, १९६८ संमत झाला. बुरशीनाशकेही त्याच्याच कक्षेत येतात. ज्या दुर्घटनेतून कायदा जन्मतो तिचा चेहरा त्यावर कायमचा उमटतो. या कायद्याने विष पाहिले. डब्यावरील रंगीत त्रिकोण माणसाला असलेला धोका सांगतो. नोंदणी देताना कलम ९ खाली औषधाची परिणामकारकता आणि माणसे व जनावरांसाठी सुरक्षितता तपासली जाते. पण परिणामकारकता नोंदणीच्या वेळची; नंतर ती उरली आहे की नाही, हे ठराविक मुदतीने पुन्हा तपासून नोंदणीचे नूतनीकरण करण्याची तरतूद मूळ कायद्यात नाही. २००८ आणि २०२० मध्ये नवी विधेयके राज्यसभेत मांडली गेली. दोन्ही वेळा ती संमतीपर्यंत पोहोचली नाहीत.

त्याच कलम ९ च्या पोटकलम (४) चा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानी येत नाही. एकदा एका अर्जदाराने एखादे औषध नोंदविले की पुढील अर्जदारांना तेच औषध त्याच अटींवर नोंदविता येते. मक्तेदारी मोडावी, औषध स्वस्त व्हावे, हा हेतू योग्यच होता आणि तो साधलाही. मात्र कृषी सेवा केंद्राच्या फळीवर एकच रेणू कितीतरी नावांनी उभा राहिला. ‘औषध बदलून मारा’ हा कृषी सहायकाचा सल्ला बागाईतदार निष्ठेने पाळतो: लाल डबा संपला की निळा आणतो. दोन्हींत एकच गट. उतईच्या बाजूला धानकरी याला ‘दवाई’ म्हणतात, आपण ‘औषध’ म्हणतो. दोन्ही शब्दांत रोग्याच्या सोयीचा विचार आहे. रोगाच्या सवयीचा नाही.

याउलट, औषधाच्या अंशाचा प्रश्न कसा सुटला ते पाहण्यासारखे आहे. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. निर्यात धोक्यात आली. लगेच अपेडाने मांजरीच्या केंद्राच्या साहाय्याने अंश-निरीक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवावे याची यादी, आणि २००६ पासून हे सारे संगणकावर जोडणारे ‘ग्रेपनेट’. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या प्रकरणाने निर्यातदारांना पुन्हा हादरा दिला, तेव्हा त्या संयुगाचीही तपासणी त्यात आली. भारतीय शेतीच्या प्रशासनातील ही खरोखर अभिमानास्पद कामगिरी आहे. लक्षावधी लहान शेतकऱ्यांच्या देशात एकेका बागेपर्यंत माग काढता येतो, हे त्याआधी कोणी म्हटले असते तर आम्हीच हसलो असतो.

प्रश्न असा की, तेच बागाईतदार, तेच अधिकारी, तीच प्रयोगशाळा असताना अंशासाठी यंत्रणा उभी राहिली आणि प्रतिकारक्षमतेसाठी का नाही? माझे उत्तर साधे आहे. अंशाला तक्रारदार होता. रॉटरडॅमला कंटेनर अडला की कोणाचे तरी पैसे अडकतात, पत्र येते, नस्ती उघडते. केवड्याने औषधाला दाद देणे सोडले, तर तक्रार करणार कोण आणि कोणाविरुद्ध? दुकानदार म्हणतो हवामान, कंपनी म्हणते मात्रा चुकली, शेतकरी म्हणतो माल बनावट. नमुना घेणारा निरीक्षक डब्यातील औषध तपासतो. ते अस्सल निघते आणि प्रकरण मिटते. पानावरच्या बुरशीचा नमुना घेण्याचे अधिकार आणि कर्तव्य कोणाच्याही पदाच्या कार्यसूचीत नाही. शासन नुकसानीला नव्हे, तर दावेदाराला प्रतिसाद देते, असे मी म्हटले तर माझे सहकारी रागावतील, पण इतक्या वर्षांत मला अपवाद फार थोडे दिसले.

यातून एक विचित्र प्रसंग उद्भवला. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सत्तावीस कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मँकोझेब होते. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपीय संघाने मँकोझेबची मान्यता पुढे न चालविण्याचा निर्णय केला. आरोग्याच्या दृष्टीने आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तथापि मँकोझेब हे केवळ एक औषध नाही, ते इतर औषधांचा पहारेकरी आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमधला फरक त्यानेच केला होता. त्याला काढले तर मागे उरलेल्या एकेरी घावाच्या औषधांचे आयुष्य किती घटेल, हा आकडा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडायला हवा होता. २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी तिघांवरच आली, आणि मँकोझेबवर पेरू, ज्वारी व टॅपिओका या पिकांपुरती. निर्णय बहुधा ठीकच झाला. पण तो घेताना पहारेकऱ्याची किंमत मोजण्याचा रकाना फॉर्ममध्ये होता का, याविषयी मला शंका आहे.

कायद्याजवळ हत्यार नाही असेही नाही. कलम २७ खाली राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री ठराविक क्षेत्रात साठ दिवसांपर्यंत थांबवू शकते. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा महाराष्ट्राने यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री अशीच थांबविली. २०२२ पासून पंजाबने बासमतीच्या हंगामात दहा औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली, ती युरोपच्या अंशमर्यादेसाठी. एखादा गट एका तालुक्यात हंगामाच्या काही आठवड्यांपुरता मिटवून ठेवणे, म्हणजे गायरानात काही काळ गुरे न सोडणे, यासाठी हे कलम अगदी नेमके. अडचण शब्दांची आहे. कलमात कारण म्हणून ‘माणसे किंवा जनावरे यांना धोका’ एवढेच लिहिले आहे. औषध निकामी होणे त्या शब्दांत बसत नाही.

पंजाबच्या त्या यादीत ट्रायसायक्लाझोल होते. ते नाव उतईच्या धानकऱ्याच्याही ओळखीचे आहे, कारण ज्याला आपण करपा म्हणतो आणि येथे झुलसा म्हणतात, त्यावरचे ते नेहमीचे औषध. जगात ते १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि एकेरी घावाचे असूनही धानाच्या करप्याने शेतात त्याला निष्प्रभ केल्याचे दिसलेले नाही. बुरशीशास्त्रज्ञांना याचे कुतूहल वाटते. म्हणजे जे टिकून आहे त्यावर अंशामुळे गदा येते, आणि त्याच्या जागी शेतकरी वळतो तो बहुधा स्ट्रोबिल्युरिनयुक्त मिश्रणांकडे, ज्यांची पत आपण द्राक्षात पाहिली. छत्तीसगडचा धान मुख्यतः शासकीय खरेदीत आणि शिधावाटपात जातो. त्याला रॉटरडॅम नाही. येथे जोवर झुलसा औषधाला दाद देतो आहे, तोवरच त्याचे नमुने घेऊन आधाररेषा नोंदवून ठेवता येईल. १९८७ पासून रायपूरला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. हंगामात काही शे रोगट पाने गोळा करून त्यांवरील बुरशी औषधाच्या वाढत्या मात्रांवर वाढवून पाहणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. जपानमध्ये कासुगामायसिनचा वापर थांबविल्यावर काही वर्षांतच त्याला दाद न देणाऱ्या बुरशीचे प्रमाण घसरत गेले, हे कळले ते तेथे दर हंगामाला नमुने मोजले जात होते म्हणूनच.